एक टक्का तांबं आणि उरलेले नव्याण्णव: धातूची खाण कशी उभी राहते

शेतातली डीपी रात्रीतून फोडली, तेल ओतून दिलं आणि आतलं तांबं नेलं, ही बातमी सातारा-सांगलीत आता कुणाला नवी राहिलेली नाही. विहिरीवरची केबल जाते. मोटार जळाली की रिवाइंडिंगच्या बिलात तारेचा आकडा डोळ्यांत भरतो. तांब्याला एवढं मोल का, याचा माग काढत गेलं की आपण खाणीच्या तोंडाशी पोचतो. २०२३मध्ये केंद्र सरकारने देशासाठी अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली, त्यात तांबं आहे. तेव्हापासून खाणींचे लिलाव, शोधमोहिमा, नवे प्रकल्प हे शब्द सारखे कानावर पडतात. पण खाण काढायची म्हणजे काय काय करायचं, हे नीट उलगडून सांगितलेलं फार कमी वाचायला मिळतं.

आधी तीन शब्द समजून घेऊ, पुढे तेच लागतील. ज्या दगडातून धातू काढणं परवडतं त्याला धातुक म्हणतात. दगड दळून त्यातला धातूचा भाग वेगळा काढला की जी काळपट, जड भुकटी मिळते तिला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. आणि धातू काढून घेतल्यावर उरणारा पातळ गाळ म्हणजे टेलिंग. तांबं, जस्त, शिसं, निकेल यांना मिळून बेस मेटल म्हणायची पद्धत आहे. या लेखात तांब्याचाच धागा धरू, कारण बाकीच्यांची वाटही बरीचशी त्याच रस्त्याने जाते.

आपल्या काळ्या पाषाणात तांबं का निघत नाही?

तसं पाहिलं तर निघतं, पण परवडत नाही. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्याच्या एका टनात साधारण शंभर-दोनशे ग्रॅम तांबं असतं, आणि तेही सगळीकडे सारखं पसरलेलं, पिठात मीठ मिसळावं तसं. ते वेगळं काढायला जी वीज लागेल तिच्यापुढे तांब्याची किंमत काहीच नाही.

धातुक तयार व्हायला निसर्गाने आधी गोळा करण्याचं काम करावं लागतं. जमिनीखाली खोलवर तापलेलं खारं पाणी खडकांतून फिरतं, वाटेत तांबं-जस्त विरघळवून घेतं, आणि भेगांमध्ये थंड झालं की तिथे सोडून देतं. असं लाखो वर्षं चाललं की एका जागी टनाला पाच, दहा, पंधरा किलो तांबं साठतं. भारतात हे घडलं ते आपल्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुन्या खडकांत: मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड, राजस्थानातलं खेत्री, झारखंडमधला सिंहभूमचा पट्टा. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या थानेवासना भागात तांबं आहे, नागपूर जिल्ह्यात तांबं आणि जस्त दोन्ही आहेत. साताऱ्याच्या जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइट सापडतं, पण ते ॲल्युमिनिअमचं धातुक, त्याची सगळी रीतच निराळी.

उताऱ्याचं गणित

साखर कारखान्याच्या उताऱ्यावर ज्यांचा ऊसदर ठरतो त्यांना खाणीचं गणित लगेच कळेल. आपल्याकडे उतारा १२ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे टनाला १२० किलो साखर. तांब्याच्या खाणीत उतारा एक टक्का असला तर ती चांगली खाण. जगात अर्ध्या टक्क्यावर चालणाऱ्या प्रचंड खाणी आहेत.

उदाहरणाला रोज १००० टन धातुक दळणारा लहान प्रकल्प घेऊ. एक टक्का म्हणजे त्यात १० टन तांबं आहे. चांगला चाललेला प्रकल्प त्यातलं ९० टक्के पकडतो, म्हणजे ९ टन. हे ९ टन तांबं, २५ टक्के तांबं असलेल्या ३६ टन कॉन्सन्ट्रेटमध्ये येतं. उरलेला ९६४ टन गाळ टेलिंगमध्ये जातो. शिवाय उघडी खाण असेल तर धातुकापर्यंत पोचायला वरचा निकामी दगड काढावा लागतो. एका टनाला तीन टन धरले तर रोजचे आणखी ३००० टन. चार हजार टन उचलले तेव्हा नऊ टन तांबं हाती आलं. एक किलो तारेमागे सुमारे साडेचार क्विंटल दगड.

हे आकडे मनात पक्के ठेवा. खाणीबद्दलचा प्रत्येक मोठा प्रश्न, पाण्याचा, जागेचा, पैशाचा, या ९ आणि ९६४ मधून निघतो.

यात आणखी एक मेख आहे. कुठला दगड धातुक आणि कुठला निकामी, हे बाजारभाव ठरवतो. तांब्याचा भाव चढला की ०.४ टक्क्याचा दगडही दळायला परवडतो, भाव पडला की तोच दगड ढिगावर जातो. म्हणून 'साठा अमुक कोटी टन' असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: किती टक्क्यांच्या वरचा?

खोदण्याआधीची दहा वर्षं

साठा सापडल्यापासून पहिलं कॉन्सन्ट्रेट निघेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. भारतात शोधाच्या चार पायऱ्या मानतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत. जी-४ म्हणजे नुसती टेहळणी, जी-१ म्हणजे जवळजवळ बसवलेल्या बोअरनी पक्का केलेला साठा. २०१५च्या कायदा-दुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने दिले जातात आणि त्यांची मुदत ५० वर्षं असते. लिलावाच्या बातमीत जागा जी-४वर असेल तर तिथे खाण होईलच असं मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी होत नाही.

शोधाचा कणा म्हणजे हिऱ्याच्या दातांचं बोअर. आपल्या बोअरवेलची गाडी दगडाचा चुरा करून वर फेकते. इथे मात्र पोकळ नळीतून मनगटाएवढ्या जाडीचा अखंड दगडी दांडा वर काढतात. तो पेटीत ओळीने मांडतात, लांबीत मधोमध कापतात, अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि अर्धा जपून ठेवतात. हा राखून ठेवलेला अर्धा भाग म्हणजे खाणीचा सातबारा. इंडोनेशियातल्या बुसांग इथल्या सोन्याच्या प्रकरणात सगळाच दांडा दळून टाकला जायचा, मागे काही ठेवलं जात नव्हतं. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं १९९७मध्ये उघड झालं तेव्हा गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर बुडाले होते.

दगडात तांबं किती, यापेक्षा ते कसं बसलंय हे जास्त महत्त्वाचं. चॅल्कोपायराइट या पितळी रंगाच्या खनिजात ३४.६ टक्के तांबं असतं, आणि जगातलं बहुतेक तांबं त्याच्यातूनच येतं. त्याचे दाणे मोठे असतील तर थोडं दळून सुटतात. बारीक असतील तर दगडाचं मैद्यासारखं पीठ करावं लागतं आणि वीजबिल फुगतं. शिवाय पृष्ठभागाजवळच्या वीस-तीस मीटरमध्ये हवा-पाण्याने खनिज गंजलेलं असतं. त्यात टक्केवारी चांगली दिसते, पण प्रकल्पात तांबं ज्या फेसावर उचलतात (त्याबद्दल पुढे येईल) त्याला ते चिकटत नाही. चाचण्या खोलीतल्या ताज्या दगडावर केल्या आणि पहिली दोन वर्षं वरचा गंजलेला दगड दळायला आला, तर नवा प्रकल्प अर्ध्या उताऱ्यावर चालतो. कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण चालू असतात. नव्या खाणी आजारी पडण्याचं हे फार जुनं कारण आहे.

उघडी की भुयारी, हे खोलीवर आणि साठ्याच्या आकारावर ठरतं. उघड्या खाणीत दहा-बारा मीटर उंचीच्या पायऱ्या काढत खाली जातात, भोकं पाडून सुरुंग लावतात. ठरावीक खोलीनंतर वरचा निकामी दगड काढणंच इतकं महाग होतं की भुयार स्वस्त पडतं. मलाजखंडची उघडी खाण म्हणूनच भुयारी होते आहे.

खडी क्रशर, आणि मग हळदीचा ड्रम

प्रकल्पाचा पहिला भाग आपल्याला पाठ आहे. डोंगराकडेला दिसणारा खडी क्रशर, त्याचा हलणारा जबडा, चाळण्या, पट्टे, सगळं तेच. फरक इतकाच की आपल्याकडे पाऊण इंची खडी झाली की काम संपतं, इथे तिथून सुरू होतं. दगडाचे तुकडे सुमारे १० ते १५ मिलिमीटरपर्यंत आणून ते बॉल मिलमध्ये टाकतात.

सांगलीत हळद पॉलिश करायचा ड्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांनी त्याची कल्पना करावी, फक्त पोलादी, घरापेक्षा मोठा, आणि आत हळदीऐवजी दगड, पाणी आणि लोखंडी गोळे. ड्रमचा तीस-चाळीस टक्के भाग गोळ्यांनी भरलेला असतो. ड्रम फिरतो, गोळे भिंतीबरोबर वर चढतात आणि दगडावर कोसळतात. इथे वेगाचा ताळमेळ फार नाजूक आहे. ४ मीटर व्यासाची मिल मिनिटाला २१ फेऱ्यांच्या पुढे गेली की गोळे भिंतीला चिकटूनच फिरतात, कोसळतच नाहीत. फार हळू फिरली तर नुसते घसरतात. म्हणून ती १५-१६ फेऱ्यांवर चालवतात. गोळे झिजतात, टन धातुकामागे अर्धा ते एक किलो लोखंड पिठात जातं, म्हणून रोज नवे टाकावे लागतात. सगळ्या प्रकल्पाच्या विजेतला सर्वात मोठा वाटा या एका ड्रमचा असतो.

मिलमधून निघालेला लगदा सायक्लोन नावाच्या उलट्या शंकूत जोराने सोडतात. जड आणि जाड दाणे खालच्या तोंडातून बाहेर पडून परत मिलकडे जातात, बारीक पीठ वरून पुढे जातं. खालच्या तोंडातून पडणारा लगदा छत्रीसारखा पसरून पडायला हवा. तो दोरीसारखा सरळ पडायला लागला तर तोंड तुंबलं आहे, आणि जाड दाणे वरच्या वाटेने पुढे निसटू लागले आहेत. जाड दाण्यात तांबं दगडाच्या पोटात अडकलेलं असतं, ते पुढे कुणालाच पकडता येत नाही. अनुभवी फोरमन पाळीवर आला की आधी जाऊन ही छत्री बघतो.

किती बारीक दळायचं? साधारण ०.०७५ ते ०.१५ मिलिमीटर, बारीक दळलेल्या पिठासारखं. त्याहून जाड ठेवलं तर तांबं सुटत नाही. त्याहून बारीक केलं तर चिखल होतो, आणि चिखलाचे कण इतके हलके असतात की बुडबुड्याला आदळायच्या आधीच पाण्याबरोबर बाजूला होतात. दोन्हीकडून तांबं जातं, दुसऱ्यात वीजही जाते.

गुऱ्हाळातली मळी इथे सोनं ठरते

गुऱ्हाळात रस तापला की भेंडीचं पाणी टाकतात. रसातली घाण त्याला धरून वर येते, आणि झाऱ्याने ती मळी काढून टाकतात. तांब्याच्या प्रकल्पात हेच घडतं, फक्त उलटं: वर आलेला फेसच हवा असतो आणि खालचा रस टाकायचा असतो. या पद्धतीला फ्लोटेशन म्हणतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये, टाकून दिलेल्या ढिगांतलं जस्त काढायला ती मोठ्या प्रमाणावर वापरात आली. तिच्याशिवाय एक टक्क्याचं धातुक कुणी हातातही घेतलं नसतं.

पाण्यापेक्षा चौपट जड खनिज पाण्यावर तरंगतं कसं? अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, ओघळून जातं. प्रकल्पात झँथेट नावाचं रसायन टाकतात. ते तांब्याच्या खनिजाला पकडतं आणि त्याचा पृष्ठभाग अळूच्या पानासारखा करून सोडतं. साध्या दगडाला ते धरत नाही. मग टाकीत खालून हवा सोडली की पाणी नकोसा झालेला कण बुडबुड्याला चिकटतो आणि वर जातो. साधा दगड ओला होऊन खाली राहतो. फेस टिकावा म्हणून पाइन तेलासारखं फेसक टाकतात. सगळं मोजून: झँथेट टनाला वीस-चाळीस ग्रॅम, फेसक त्याहून कमी. हजार टनांना दिवसभरात एखाद-दुसरं पोतं पुरतं.

एका फेरीत काम होत नाही. सुपात धान्य पाखडताना पहिल्यांदा भराभर पाखडून घेतो, मग हाती आलेलं पुन्हा जपून पाखडतो, आणि खाली पडलेल्यातही दाणे राहिलेत का बघतो. इथेही टाक्यांच्या तीन रांगा असतात: पहिली जमेल तेवढं तांबं फेसात घेते, दुसरी तो फेस पुन्हा पुन्हा स्वच्छ करते, तिसरी उरलेल्या गाळातलं निसटलेलं तांबं शोधते.

मोरचूद, चुना आणि झिंक सल्फेट

तासगावच्या द्राक्षबागेत ज्या तीन गोष्टी सापडतील त्याच तीन शिसं-जस्ताच्या प्रकल्पात गोदामभर असतात. शिसं आणि जस्त बहुतेक वेळा एकाच दगडात येतात. दोन्ही एकदम वर आले तर कॉन्सन्ट्रेट वितळवणारा भट्टीवाला ते घेत नाही. म्हणून आधी झिंक सल्फेट आणि थोडं सायनाइड टाकून जस्ताच्या खनिजाला दाबून ठेवतात, शिसं फेसावर काढून घेतात. मग मोरचूद टाकतात. मोरचुदातलं तांबं जस्ताच्या कणावर पातळ थर धरतं, त्यामुळे झँथेट त्याला तांबं समजून चिकटतं आणि जस्त वर येतं. चुन्याचं काम तिसरंच. चुन्याने पाणी अल्कधर्मी, साधारण १० ते १२ सामूचं ठेवलं की पायराइट, म्हणजे नुसत्या लोखंड-गंधकाचं निरुपयोगी खनिज, खालीच बसतं.

प्रकल्पातली बहुतेक दुखणी इथेच उद्भवतात. चुन्याची वाट तुंबली आणि सामू खाली आला की पायराइट वर येतं. फेस भरघोस दिसतो, पण कॉन्सन्ट्रेट २५वरून १५ टक्क्यांवर घसरतं. झँथेट जास्त झालं तरी तोच परिणाम. गिअरमधलं ग्रीस किंवा तेल लगद्यात गळलं तर फेस मरतो, आणि कारण कळेपर्यंत एक-दोन पाळ्यांचं तांबं गाळात गेलेलं असतं. परत वापरलेल्या पाण्यात रसायनं साचत जातात, मग काल लागू पडलेलं माप आज लागू पडत नाही. झँथेटची पोती ओलीत ठेवली तर ती तापतात, त्यातून पेट घेणारा विषारी वायू सुटतो. त्याचं गोदाम कोरडं आणि खेळत्या हवेचंच हवं. कामगारांच्या जिवाचा प्रश्न असल्याने हे इथे मुद्दाम लिहिलं.

शेवटी फेस निवळवून, गाळणीत दाबून त्यातला ओलावा आठ-दहा टक्क्यांवर आणतात. ओलावा जास्त राहिला तर जहाजाच्या पोटात कॉन्सन्ट्रेट हेलकाव्यांनी पातळ होऊन एका बाजूला सरकतं आणि जहाज कलंडू शकतं, म्हणून बंदरावर ओलाव्याची मर्यादा काटेकोर असते.

भट्टीवाला पैसे देताना सगळ्या तांब्याचे देत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या पट्टीवर तोलाई-हमाली वजा होते, तशी इथे तांब्यात घट धरतात, वितळवण्याची मजुरी कापतात, आणि आर्सेनिकसारखी घाण असेल तर दंड लावतात. खाणीच्या जमाखर्चात जगाच्या बाजारातला पूर्ण भाव धरलेला दिसला तर तो जमाखर्च कच्चा समजावा.

गलाईवाल्यांच्या ओळखीचा भाग

विटा, खानापूर, आटपाडीची गलाई करणारी कुटुंबं देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात. तांब्याची शेवटची वाट त्यांना अनोळखी वाटणार नाही. कॉन्सन्ट्रेट भट्टीत वितळवलं की दगडाचा अंश मळी होऊन वर तरंगतो, खाली तांबं-लोखंड-गंधकाचा रस बसतो. त्यात हवा फुंकून गंधक आणि लोखंड जाळलं की ९८-९९ टक्क्यांचं तांबं मिळतं. त्याच्या जाड पाट्या ओतून त्या मोरचूद आणि गंधकाम्लाच्या निळ्या पाण्यात टांगतात आणि वीज सोडतात. एका पाटीतलं तांबं विरघळतं आणि समोरच्या पातळ पत्र्यावर ९९.९९ टक्के शुद्ध होऊन चढतं. तळाशी जो काळा गाळ बसतो त्यात दगडातलं सोनं-चांदी गोळा झालेलं असतं.

एवढी शुद्धता कशाला? तांब्यात ०.०४ टक्के फॉस्फरस मिसळलं तरी वीज वाहण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. तशा तारेने भरलेली मोटार तापणार आणि जळणार.

जळालेल्या गंधकाचा वायू धुराड्यातून सोडून देणं म्हणजे आसपासच्या शेतांवर आम्लाचा पाऊस पाडणं. तो पकडून गंधकाम्ल करतात. टनभर तांब्यामागे ते सुमारे तीन टन निघतं आणि बरंचसं सुपर फॉस्फेट खताच्या कारखान्यांना जातं. म्हणजे खताचा उठाव नसेल तर तांब्याची भट्टीही अडते. भट्टी चालवण्याला लोकांचा विश्वास किती लागतो, हे तमिळनाडूतल्या तुतिकोरिनने दाखवलं. तिथली तांबं वितळवण्याची मोठी भट्टी २०१८मध्ये बंद झाली आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा भारत आयात करू लागला.

गंजलेल्या धातुकाला फेस उपयोगी पडत नाही, त्याची वाट वेगळी. त्याचे ढीग जाड प्लॅस्टिक अंथरलेल्या जागेवर रचून वरून सौम्य गंधकाम्ल ठिबकतात. तांबं विरघळून निळं पाणी खाली गोळा होतं. या पाण्यातून तांबं परत कसं मिळवायचं, ते द्राक्षबागायतदार दर हंगामात करून बघतो. १०० लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घालून बोर्डो केलं की त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, फवारणी केली तर पानं भाजतील. पात्यावर चढलेला तो थर म्हणजे खरंखुरं तांबं. लोखंड पाण्यात गेलं आणि त्याची जागा तांब्याने घेतली. जुन्या प्रकल्पांत हे निळं पाणी लोखंडाच्या भंगारावरून वाहवून असंच तांबं काढत. गलाईत तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याच्या पत्र्यावर उतरवतात, त्यामागेही हीच युक्ती. आता बहुतेक ठिकाणी भंगाराऐवजी विजेने ते काम होतं, पण ढिगाखालचं प्लॅस्टिक फाटलं तर आम्ल थेट भूजलात उतरतं, हा धोका तसाच आहे.

९६४ टन ठेवायचे कुठे?

आता त्या आकड्याकडे परत येऊ. रोज ९६४ टन, वर्षाचे ३३० दिवस, वीस वर्षं: सुमारे ६४ लाख टन गाळ. शंभर एकरांवर पसरला तर साडेदहा मीटर जाडीचा थर, तीन मजली घराएवढा. आणि हा लहान प्रकल्प आहे.

हा गाळ बांध घालून अडवतात. पाण्याच्या धरणात आणि यात मोठा फरक आहे. धरण एकदा बांधून पूर्ण होतं. गाळाचा बांध दरवर्षी थोडा थोडा उंच करत नेतात. नवी उंची खालच्या बाजूला पक्क्या जमिनीवर टेकवली तर बांध भक्कम, पण माती-दगड जास्त लागतात. नवी उंची आतल्या, आधीच साचलेल्या गाळावरच चढवली तर खर्च खूप वाचतो, पण सगळा भार ओल्या गाळावर येतो.

ओला गाळ काय करतो ते कृष्णेच्या काठावर कुणीही बघावं. ओल्या वाळूवर उभं राहून पाय जोरात आपटला की वाळू थरथरते, पाणी वर येतं आणि पाय रुततो. क्षणापूर्वी घट्ट असलेली वाळू पातळ होते. बांधाच्या पोटात हेच झालं तर अख्खा डोंगर मिनिटभरात नदीसारखा वाहतो. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ रोजी असाच, गाळावर गाळ चढवत नेलेला लोहखनिजाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. कॅनडातल्या माउंट पॉली या तांब्या-सोन्याच्या खाणीचा बांध २०१४मध्ये फुटला. तिथे पायाखालच्या मऊ चिकणमातीच्या थराचा अंदाज चुकला होता. १९६७चा कोयनेचा भूकंप ज्या जिल्ह्याने सोसला, तिथल्या माणसाला जमीन हादरणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. भूकंपाच्या पट्ट्यात गाळावर चढवलेला बांध नकोच, हे माझं स्पष्ट मत आहे. चिलीने तर अशी बांधणी कायद्यानेच बंद केली आहे.

बांध सांभाळायच्या गोष्टी साध्या आहेत, पण रोजच्या. साचलेलं पाणी बांधाच्या भिंतीपासून लांब, मागच्या टोकाला राहिलं पाहिजे. भिंतीला टेकलं की आतली ओल वर चढते. भिंतीत नळ्या बसवून आतल्या पाण्याची पातळी मोजतात. सांगलीत आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका असं ठरलेलं आहे, तशाच प्रत्येक नळीच्या पातळ्या आधी ठरवलेल्या असायला हव्यात, आणि इशाऱ्याची पातळी आली की कोण काय करणार हेही लिहिलेलं हवं. २०१९सारखा पाऊस चार दिवस कोसळला तर तो मावेल एवढी मोकळी उंची वर ठेवायला हवी.

दुसरा त्रास आवाज न करता येतो. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, ते दगडातले इतर धातू विरघळवतं आणि ओढ्याचं पाणी तांबडं होतं. खाण बंद झाल्यावरही हे शेकडो वर्षं चालू शकतं. हे टाळायचं तर दगड ढिगावर टाकण्याआधीच त्याची परीक्षा करतात: आम्ल करणारं पायराइट किती आणि ते मारणारा चुनखडीचा अंश किती. लगेच कळणारी चाचणी स्वस्त असते. खरी चाचणी दगड दर आठवड्याला भिजवून-वाळवून बघायची, तिला किमान वीस आठवडे लागतात. घाईत हीच गाळली जाते.

गाळ सगळाच वर ठेवावा लागतो असं नाही. भुयारी खाणीत तो सिमेंट मिसळून रिकाम्या पोकळीत परत भरतात. पण दगड फोडला की फुगतो, म्हणून साधारण अर्धाच मावतो. गाळ दाबून कोरडा करून रचण्याचीही पद्धत आहे. वीज जास्त लागते आणि पावसाळ्यात अवघड जातं, पण बांधाचा धोका पुष्कळ उतरतो.

खाण सगळं पाणी पिऊन टाकते का?

टाक्यांमध्ये एका टन पिठाला दोन टन पाणी लागतं, म्हणजे रोज वीस लाख लिटर फिरत असतं. त्यातलं बहुतेक परत वापरतात. जे खरोखर जातं ते गाळाच्या कणांमध्ये अडकलेलं, रोज सुमारे तीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर, आणि वर बाष्पीभवन. आटपाडी, जत, माण-खटावमध्ये टेंभू-म्हैसाळ पाणी योजनांच्या आधीचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना तीस टँकरांचा अर्थ कळतो. प्रकल्प अहवालात 'पाणी ९० टक्के पुनर्वापर' एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. मार्च-एप्रिलमध्ये रोज नवं पाणी किती लिटर आणि कुठून, हा आकडा मागावा.

भंगार आहे की, खाण कशाला?

तांबं कितीदाही वितळवलं तरी त्याचा गुण जात नाही, आणि ते भंगारातून काढायला वीजही फार कमी लागते. भंगाराचा प्रत्येक किलो गोळा व्हायलाच हवा. पण आज भिंतीत टाकलेली वायर पुढची तीस वर्षं बाहेर येणार नाही, आणि तीस वर्षांपूर्वी वापरलेलं तांबं आजच्या गरजेच्या मानाने थोडं होतं. सौर पंप, विजेच्या गाड्या, नव्या वाहिन्या यांची मागणी आजची आहे. म्हणून जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यात भंगाराचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच राहतो.

जनसुनावणीत काय मागायचं?

मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरीआधी साधारणपणे जनसुनावणी होते. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे तिची नोटीस किमान ३० दिवस आधी निघावी लागते, आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, आपल्याकडे मराठीत, मिळायला हवा. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. गलाईच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने आपली माणसं देशभर पांगलेली आहेत, तिथे अशी सुनावणी त्यांच्यासमोर येऊ शकते, आणि इकडे पठारावर बॉक्साइटचा प्रस्ताव आला तरी कागद याच साच्याचे असतात.

सारांशात रोजगार आणि झाडं लावण्याची पानं पहिली असतात. ती मागे ठेवून आधी गाळाचा बांध शोधावा: तो कुठल्या पद्धतीने चढवणार, फुटला तर पाणी-गाळ कुठल्या वाड्यांपर्यंत किती मिनिटांत पोचेल, याचा नकाशा जोडलेला आहे का. मग आम्लाची चाचणी: किती नमुने, आणि वीस आठवड्यांची केली की नाही. मग उन्हाळ्यातलं नवं पाणी. मग विहिरींचं पाणी खाण सुरू होण्याआधी तपासून त्याचे आकडे नोंदवलेत का. ही आधीची नोंद नसेल तर पुढे पाणी बिघडल्याचं सिद्ध करता येत नाही. आपल्या विहिरीचं पाणी त्याच महिन्यात स्वतः मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवावा, खर्च फारसा येत नाही. शेवटी खाण बंद करण्याचा आराखडा बघावा. त्यासाठी कुठली आणि किती रकमेची हमी दिली आहे, तेही विचारावं. बांधावर माती टाकून तो झाकायला आणि पुढे पाणी तपासत राहायला जो खर्च येणार आहे, त्याच्याशी ती रक्कम ताडून बघावी. खाणपट्ट्याच्या रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी वेगळी रक्कम जमा होते, लिलावात दिलेल्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या १० टक्के आणि २०१५ आधीच्या पट्ट्यांसाठी ३० टक्के. हा पैसा खाणीची झळ लागलेल्या गावांसाठी आहे, त्यामुळे आपलं गाव त्या यादीत आहे की नाही हे सुनावणीतच विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावं.